अ‍ॅटिकमधला हीटर फुटला: होम वॉरंटीने काय दिलं, विम्याने काय दिलं

उत्तर टेक्ससच्या उपनगरांत, प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी या पट्ट्यात, पाणी तापवायची टाकी बऱ्याच घरांत माणसांच्या डोक्यावर असते. तळघरं इथे जवळपास नाहीतच. गॅरेजमधली जागा अडू नये म्हणून बिल्डर ५० गॅलनची, म्हणजे साधारण १९० लिटरची टाकी थेट अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोटमाळ्यात, बसवतात. अशा टाकीचं आयुष्य साधारण ८ ते १२ वर्षं. ती फुटली की फक्त १९० लिटर पाणी खाली येतं असंही नाही. थंड पाण्याची नळी चालूच असते, त्यामुळे कुणी व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत पाणी येतच राहतं.

मी काही वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम केलं आहे. ती नोकरी सोडल्यावरही इथल्या मराठी मंडळातली ओळखीची माणसं पॉलिसीचे कागद घेऊन येतात. हे प्रकरण त्यांतलंच. घर ओळखू येऊ नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. लिहायला कुटुंबाची परवानगी आहे. होम वॉरंटी आणि घराचा विमा यांतला फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या पाहण्यात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घर आणि त्याचे दोन कागद

घर २००४ सालचं, दुमजली. नवरा-बायको दोघं आयटीत, दोन मुलं. २०२१ मध्ये त्यांनी ते वापरलेलं घर घेतलं. टेक्सस रिअल इस्टेट कमिशनचा खरेदी कराराचा जो छापील नमुना आहे, त्यात होम वॉरंटीसाठी वेगळं कलम असतं. तिथे रक्कम भरली की तेवढ्या मर्यादेपर्यंतचा खर्च विकणारा सोसतो. यांना पहिल्या वर्षाची वॉरंटी तशी मिळाली आणि पुढे दरवर्षी साधारण ६५० डॉलर भरून त्यांनी ती चालू ठेवली. दुसरा कागद घराच्या विम्याचा. गृहकर्ज असल्यामुळे तो घेणं भागच होतं. घराची विमा रक्कम ४,५०,००० डॉलर, डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला घरमालकाने स्वतः सोसायचा वाटा, १ टक्का.

हा १ टक्का नुकसानीचा नसतो, घराच्या विमा रकमेचा असतो. म्हणजे नुकसान ५,००० डॉलरचं असो की ५०,००० चं, पहिले ४,५०० डॉलर घरमालकाचे. नवऱ्याला हे दुर्घटनेच्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याचीच गोष्ट नाही, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची समजूत उलटीच असते.

वॉरंटीबद्दलची त्याची समजूत पुण्याहून आलेली होती. तिथे त्यांचा एक फ्लॅट आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. ‘घराची वॉरंटी’ म्हटल्यावर त्याच्या मनात हेच चित्र होतं: घराचं काही बिघडलं की कुणीतरी येऊन नीट करून देणार. अमेरिकेतही नव्या घराला बिल्डरची वॉरंटी असते. पण होम वॉरंटी नावाने दरवर्षी विकली जाते ती फक्त दुरुस्ती-सेवेचा करार. यादीतलं यंत्र रोजच्या वापराने झिजून बंद पडलं तर कंपनी आपला माणूस पाठवते, आणि यंत्र दुरुस्त किंवा बदलून देते. घराच्या भिंती, छत, जमीन त्या यादीत नसतात. टेक्ससमध्ये या कंपन्यांवर विमा खात्याची देखरेखही नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून ते काम परवाने देणाऱ्या टीडीएलआर या खात्याकडे आहे.

शनिवार सकाळ

२०२४ च्या फेब्रुवारीत बायकोचे आई-बाबा साताऱ्याहून आलेले होते आणि वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपायचे. शनिवारी पहाटे पाचच्या सुमाराला बाबांना टपटप ऐकू आली. त्यांनी दिवा लावला तर छताचा ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा तक्ता, पोट सुटल्यासारखा खाली आला होता. त्यांनी आईंना उठवून बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात तो ओला तुकडा पलंगावर कोसळला. खोलीतलं पाणी कार्पेटमधून खाली दिवाणखान्याच्या छतात आणि तिथून लाकडी जमिनीवर गेलं.

टाकीखाली एक पत्र्याचा ट्रे असतो आणि त्यातून पाणी घराबाहेर जायला एक नळी. या घरात ती नळी इन्सुलेशनच्या कचऱ्याने तुंबलेली होती. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी शेजाऱ्याने फुटपाथजवळच्या मीटरच्या खड्ड्यात चावी घालून पाणी बंद केलं, तेव्हा सहा वाजून गेले होते.

बाबा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. कृष्णेच्या पुरानंतरचे पंचनामे त्यांनी आयुष्यभर केलेले. ते जावयाला म्हणाले, “अहो, कुणी अधिकारी येऊन बघेपर्यंत काही हलवू नका. आहे तसं राहू द्या, नाहीतर उद्या म्हणतील पुरावाच नाही.” सल्ला प्रेमाचा होता आणि त्यांच्या अनुभवात खराही. पण इथली पॉलिसी नेमकं उलटं सांगते. नुकसान वाढू नये म्हणून योग्य ते करणं ही विमेदाराची जबाबदारी आहे, आणि ती टाळली तर वाढलेलं नुकसान नाकारता येतं. ओलं साहित्य २४ ते ४८ तासांत कोरडं झालं नाही तर बुरशी धरू लागते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते. त्यामुळे क्रम असा: पाणी बंद करायचं, भरपूर फोटो आणि व्हिडिओ घ्यायचे, काढलेल्या वस्तूंचे नमुने जपून ठेवायचे आणि लगेच सुकवायला लागायचं.

फोन त्यांनी पहिला वॉरंटी कंपनीला केला, कारण बिघडला हीटर होता. उत्तर मिळालं, तंत्रज्ञ सोमवारी येईल. मग सगळं घर सोमवारची वाट बघत बसलं. संध्याकाळी मंडळातल्या एकीने माझा नंबर दिला. मी पहिल्यांदा एवढंच विचारलं, “विमा कंपनीला कळवलंत का?” कळवलेलं नव्हतं. रात्री क्लेम नोंदवला, आणि रविवारी सकाळी पाणी उपसून घर सुकवणारी टोळी पंखे आणि डीह्युमिडिफायर घेऊन आली. बाबांना हे पटायला वेळ लागला. पण मग कोसळलेल्या छताचे, पलंगाचे, जमिनीचे फोटो त्यांनीच काढले, प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवून, खोलीवार यादी करून. पुढे अ‍ॅडजस्टरला, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाला, सगळ्यात उपयोगी पडली ती हीच यादी.

वॉरंटी कंपनीचं पहिलं उत्तर

सोमवारी तंत्रज्ञ आला आणि त्याने अहवालात लिहिलं: टाकीचा तळ गंजून फाटला, आत गाळ, देखभाल नाही. त्या आधारावर कंपनीने क्लेम नाकारला. घरमालक इथेच बहुतेक वेळा हात टेकतात. पण या कराराच्या वॉटर हीटरच्या कलमात गंज आणि गाळ यांमुळे झालेला बिघाड धरला जाईल असं स्पष्ट छापलेलं होतं. शिवाय मागच्या वर्षी टाकी धुवून घेतल्याची प्लंबरची पावती बायकोच्या ईमेलमध्ये सापडली. कलमाचा उतारा आणि पावती जोडून तिने चार ओळींचं पत्र पाठवलं, टीडीएलआरकडे तक्रार करण्याची तयारीही त्यात लिहिली. क्लेम मंजूर झाला.

मंजूर झालं ते एवढंच: नवी टाकी आणि ती बसवण्याची साधी मजुरी. सेवा शुल्क १०० डॉलर यांचं. जुन्या टाकीच्या वेळचे नियम आता बदलले होते, त्यामुळे शहराच्या परवान्यासाठी एक्स्पान्शन टँक (तापून फुगलेल्या पाण्याचा दाब झेलणारी छोटी टाकी), नवा ट्रे, धुराची नळी हे सगळं नव्याने करणं आलं. त्याचे १,०५० डॉलर झाले आणि करारात अशा कामाला २५० ची मर्यादा होती. ८०० खिशातून गेले. छत, कार्पेट, जमीन यांबद्दल करारात एकच ओळ होती: यंत्राच्या बिघाडामुळे इतर वस्तूंना झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीची नाही.

डाग

विम्याचं नेमकं याच्या उलट. टाकीचा एक पैसाही विमा देत नाही. ज्या उपकरणातून पाणी सुटलं ते उपकरण वगळलेलं असतं, आणि झीज, गंज, जुनेपणा तर वगळलेलेच. पण त्या गंजलेल्या टाकीतून अचानक सुटलेल्या पाण्याने जे भिजलं ते विम्यात येतं. वॉरंटी विचारते, ‘कोणतं यंत्र झिजलं?’ विमा विचारतो, ‘नुकसान कसं झालं, एकाएकी की हळूहळू?’ ही दोन वाक्यं हाताशी असली की निम्म्या प्रश्नांची उत्तरं कागद न उघडताही सुचतात.

या घरात मात्र हळूहळूचाही एक भाग निघाला. क्लेम नोंदवताना फोनवर विचारतातच, ‘आधी काही लक्षात आलं होतं का?’ आलं होतं. दिवाणखान्याच्या छताला, वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली, तळहाताएवढा पिवळट डाग होता आणि तो तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याने पाहिला होता. एका मित्राने त्याला सांगितलं, “डागाचं बोलूच नकोस.” मी त्याला अगदी निक्षून सांगितलं की हे करू नका. महत्त्वाची माहिती लपवली तर पॉलिसीतल्या एका कलमाने सगळा क्लेमच जाऊ शकतो. शिवाय डाग छतावर समोर दिसत होता आणि ओलसरपणा मोजणारं यंत्र जुनं ओलं आणि नवं ओलं दाखवायला मदत करतं. त्याने खरं ते सांगितलं.

त्याचा पहिला परिणाम वाईट झाला. कंपनीचं पत्र आलं की दिवाणखान्याचं छत आणि खालची लाकडी जमीन दीर्घकाळच्या गळतीमुळे खराब झालेली दिसते, तेवढा भाग देता येणार नाही. घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही, असं आई मला नंतर म्हणाल्या.

टेक्ससमधले विमेदार या एका मुद्द्यावर इतके कडक का, याला इतिहास आहे. इथे पूर्वी एचओ-बी नावाचा पॉलिसीचा नमुना सर्रास चालायचा आणि त्यात पाण्याच्या गळतीचं संरक्षण पुष्कळ उदार होतं. नळ गळून घराचा पाया हलला तर तेही त्यात येतं, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं होतं. मग २००१ मध्ये ड्रिपिंग स्प्रिंग्जमधल्या एका मोठ्या घराच्या बुरशीच्या खटल्यात ज्युरीने विमा कंपनीविरुद्ध सुमारे ३.२ कोटी डॉलरचा निकाल दिला. अपिलात ती रक्कम पुष्कळ कमी झाली, पण बुरशीच्या दाव्यांची लाट आली होती आणि त्यानंतर कंपन्यांनी नव्या नमुन्यांतून बुरशी आणि हळू गळती काढून टाकली. आजच्या साध्या पॉलिसीत आठवडे-महिने चाललेली झिरप येत नाही, ती या वळणामुळे.

आम्ही उत्तर तयार केलं ते दोन पाणी वेगळी करून दाखवायला. प्लंबरचं लेखी म्हणणं घेतलं. फाटलेल्या टाकीचे फोटो होतेच. आणि निर्णायक ठरला तो पाण्याचा मीटर. त्यांच्या शहरात स्मार्ट मीटर आहेत, तासागणिक वापर ग्राहकाला ऑनलाइन दिसतो. त्या शनिवारी पहाटे दोनपासून सहापर्यंत पाणी अखंड वाहिल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं. आधीच्या आठवड्यांतल्या रात्री वापर शून्य. चार तासांचं ते पाणी महिनोन्‌महिन्यांची गळती असूच शकत नव्हतं. पुन्हा तपासणीची मागणी केली. दुसरा अ‍ॅडजस्टर आला, त्याने छत उघडून पाहिलं आणि मान्य केलं: दिवाणखान्याचं छत आणि जमीन हीटरच्या पाण्याने गेली. डागाभोवतीचा भाग वेगळा.

तो वेगळा भाग काय, तेही छत उघडल्यावर दिसलं. वरच्या शॉवरच्या तळाची जलरोधक थर फाटलेला होता, खालचं लाकूड काळं पडलं होतं. हे विम्यात नाही, कारण झिरप जुनी. वॉरंटीतही नाही, कारण भिंतीतला नळ फुटला असता तर त्यांनी तो जोडून दिला असता, पण शॉवरचा तळ, टाइल आणि ग्राउट त्यांच्या करारातून वगळलेलं. ३,६०० डॉलर सरळ घरातून.

पैसे कसे आले

पाणी उपसणं आणि सुकवणं ३,८०० डॉलर, छत-इन्सुलेशन-कार्पेट-रंग ७,२००, लाकडी जमीन ९,०००, सामान २,४००. एकूण २२,४००. त्यातून डिडक्टिबल ४,५०० वजा, म्हणजे १७,९०० मिळायचे. पहिला चेक मात्र १३,८०० चाच आला आणि घरात पुन्हा घबराट. फसवणूक नव्हती. वस्तू जुन्या म्हणून ४,१०० घसारा धरून ठेवला होता, काम पूर्ण करून बिलं दिल्यावर तो परत मिळाला. पॉलिसी नव्या किमतीने भरपाई देणारी होती म्हणून हे झालं. केवळ वस्तूंच्या आजच्या, घसारा वजा केलेल्या किमतीने देणारी असती तर ते ४,१०० कायमचे गेले असते. पॉलिसी घेताना हा एक शब्द मी सगळ्यात आधी बघते.

घराच्या भागाचा चेक दोघांच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्या बँकेच्याही नावाने निघतो. बँकेची सही मिळवण्यात आठवडे गेले. मधल्या काळात एका कंत्राटदाराने “डिडक्टिबल मी सांभाळून घेतो” अशी तयारी दाखवली. २०१९ पासून टेक्ससमध्ये हे बेकायदा आहे. असं बोलणाऱ्या माणसाला काम द्यायचं नाही, एवढं मी ठामपणे सांगते.

सामानात एक गोष्ट राहून जाणार होती. पलंगाखालच्या बॅगेत आईंच्या पैठण्या होत्या, लग्नसराईसाठी आणलेल्या. त्या पाहुण्यांच्या, म्हणून यांनी यादीत घातल्याच नव्हत्या. घराच्या विम्याच्या प्रमाणित एचओ-३ नमुन्यात, घरमालकाने मागणी केली तर घरात राहणाऱ्या पाहुण्याच्या सामानालाही संरक्षण देता येतं, आणि यांच्या पॉलिसीत ते कलम होतं. जेवढ्यांचे भाव दाखवता आले तेवढ्यांचे पैसे मिळाले. सोनं कोरडं राहिलं. पण त्याच नमुन्यात दागिन्यांच्या चोरीला एकूण १,५०० डॉलरचीच मर्यादा असते. मराठी घरात एका मंगळसूत्रालाही ते पुरायचे नाहीत, तेव्हा दागिने वेगळे नोंदवून घेतलेले बरे.

या कुटुंबाच्या खिशातून गेलेले पैसे असे: डिडक्टिबल ४,५००, सेवा शुल्क १००, हीटरचे जादा काम ८००, शॉवर ३,६००. मिळून ९,००० डॉलर, दोन्ही कागद चालू असताना. आधीची सगळी वर्षं त्यांना वाटत होतं की दोन्ही घेतले म्हणजे घर पूर्ण झाकलं.

नंतर

बाबांनी निघण्यापूर्वी विचारलं, “आणि पूर आला तर?” त्यांना सवयीने तेच सुचणार. बाहेरून चढलेलं पाणी या पॉलिसीत नाही. त्यासाठी १९६८ पासून चालणारी सरकारी पूरविमा योजना आहे, घराला २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत, आणि ती सहसा ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे वादळाची बातमी ऐकून घ्यायला गेलं तर उशीर झालेला असतो. इथल्या चिकणमातीने पाया हलून भिंतींना पडणाऱ्या भेगाही साध्या पॉलिसीत नाहीत. ही भीती उत्तर टेक्ससमध्ये पुरापेक्षा जवळची आहे.

पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी विम्यात छुप्या झिरपीचं पूरक संरक्षण आणि बुरशीची मर्यादा वाढवून घेतली. टाकीच्या ट्रेमध्ये पाणी लागताच नळी बंद करणारा व्हॉल्व्ह बसवला, आणि मुख्य व्हॉल्व्हची चावी आता गॅरेजच्या दाराशी टांगलेली असते. होम वॉरंटी ठेवायची का यावर आमचा बराच वाद झाला. माझं मत असं की सगळी यंत्रं नवी असतील तर ते ६५० डॉलर दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकावेत. पण त्यांच्या घरातले दोन्ही एसी जुने आहेत आणि टेक्ससच्या जुलैत एसी गेला तर हजारोंची गोष्ट असते. म्हणून एसीच्या मर्यादेचं कलम वाचून त्यांनी आणखी एक वर्ष ती ठेवली.

त्या उन्हाळ्यात डिशवॉशर गळला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचा तळ फुगला, साधारण ८०० डॉलरचं काम. यंत्र वॉरंटीतून दुरुस्त झालं. कपाटासाठी त्यांनी विमा कंपनीला फोन केला नाही. रक्कम डिडक्टिबलच्या खूप खाली होती, आणि नोंदवलेला क्लेम क्लू नावाच्या सामाईक नोंदीत ७ वर्षांपर्यंत दिसत राहतो. नवी कंपनी हप्ता ठरवताना ती नोंद बघते.